कोकण किनाऱ्यानं सायकलवर सात-आठ दिवस: सामान कसं निवडायचं, कसं बांधायचं

रेवस ते रेडी हा सागरी रस्ता नकाशावर पाहिला की वाटतं, समुद्राला धरून जायचं, त्यात चढ कसला? पण खाडीपाशी हा रस्ता पाण्याच्या पातळीला येतो, खाडी ओलांडली की जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळपठारावर, शंभर-दीडशे मीटर चढतो, आणि सडा संपला की पुढच्या खाडीसाठी पुन्हा उतरतो. साठ-सत्तर किलोमीटरच्या दिवसात चढाईची बेरीज हजार मीटरच्या आसपास सहज जाते. मांडव्यापासून गोव्याच्या हद्दीपर्यंत पाचशे ते साडेपाचशे किलोमीटर धरा. पहिल्यांदा जाणाऱ्यानं त्याला आठ दिवस द्यावेत.

म्हणून या वाटेवर सामानाचं वजन हा पहिला प्रश्न आहे. तुम्ही ७० किलो आणि सायकल १२ किलो, म्हणजे ८२ किलोंवर फक्त ४ किलो जास्त घेतले तरी प्रत्येक चढावर जवळजवळ ५ टक्के जास्त काम पायांना करावं लागतं, आणि तेही रोज. नवे लोक बहुधा आधी बॅगा विकत घेतात आणि मग त्या भरेपर्यंत सामान कोंबत जातात. क्रम याच्या उलट हवा. आधी मुक्कामाचा प्रकार ठरवा, मग यादी करा, मग वजन करा. बॅगा सगळ्यात शेवटी.

काळ नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. मार्चपासून दुपारी सड्यावर उभं राहवत नाही, इतका जांभा तापतो.

१. रात्री कुठे झोपणार ते आधी ठरवा

बाकी सगळी यादी या एका निर्णयावर अवलंबून आहे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक किनारी गावात घरगुती निवास, लॉज किंवा पर्यटक निवास मिळतो. पहिल्या प्रवासाला तंबू घेऊ नका, असा स्पष्ट सल्ला आहे. तंबू, गादी आणि पांघरूण मिळून ३ किलो वाढतात, आणि सामान मोठं झालं की बॅगाही मोठ्या घ्याव्या लागतात.

तरीही तंबू न्यायचाच असेल तर काही गोष्टी पाळा. किल्ल्यांत मुक्काम करू नका. बहुतेक किल्ले संरक्षित स्मारकं आहेत. पुळणीवर तंबू लावताना भरतीची रेषा, म्हणजे वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची ओळ, कुठे आहे ते बघा आणि तिच्या बऱ्याच वर राहा. गावात विचारल्याशिवाय तंबू ठोकू नका. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री पुळणीवर उजेड नको, तंबूही नको.

लॉजवर राहणार असाल तरी एक पातळ सुती चादर घ्या. सोलापुरी चादर उबदार असली तरी जड आहे आणि ओली झाली की वाळत नाही. जुनं मऊ धोतर किंवा सुती साडीचा अर्धा तुकडा दोनशे-अडीचशे ग्रॅममध्ये हे काम करतो.

२. सायकल सामान ओढायला तयार आहे का ते बघा

नवी सायकल घ्यायलाच हवी असं नाही. हायब्रिड, ग्रॅव्हल, साधी एमटीबी, कुठलीही चालते. तीन गोष्टी मात्र तपासा.

गियर: सर्वांत हलका गियर १:१ किंवा त्याहून हलका हवा. म्हणजे पुढच्या लहान चक्रीचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीइतके किंवा त्याहून कमी. १:१ गियरवर मिनिटाला ६० फेरे मारले तर ७००×३८ टायरच्या सायकलचा वेग ताशी ८ किलोमीटरच्या आसपास येतो. भरलेल्या सायकलवर खाडीतून वर येताना अनेक ठिकाणी तेवढाही वेग टिकत नाही, त्यामुळे पुढे ३० आणि मागे ३४ किंवा ३६ अशी जोडी असेल तर उत्तम. पुढे ३४ आणि मागे २८ असलेली रोडबाइक घेऊन आलात तर रोज दोन-तीन चढ सायकल ढकलत चढावे लागतील. मागची कॅसेट, म्हणजे चक्र्यांचा संच, बदलण्याआधी तुमचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) केवढी मोठी चक्री पेलतो ते दुकानात विचारा.

टायर: ३५ ते ४२ मिमी रुंद. किनाऱ्यालगतचे अंतर्गत रस्ते काही ठिकाणी उखडलेले, काही ठिकाणी खडी टाकून ठेवलेले आहेत. सामानासह ३८ मिमीच्या टायरमध्ये मागे ५० ते ५५ आणि पुढे ४५ पीएसआय हा सुरुवातीचा आकडा धरा, मग स्वतःच्या वजनाप्रमाणे बदला. हवा कमी ठेवली तर खड्ड्यात ट्यूब रिमवर आपटून शेजारी शेजारी दोन छिद्रं पडतात. पंक्चर काढताना दोन छिद्रं दिसली की काट्याला दोष देऊ नका, हवा वाढवा.

ब्रेक: उतार तीव्र आहेत आणि उताराच्या तळाशी बहुधा वळण, पूल किंवा जेटी असते. डिस्क पॅडचा मसाला १ मिमीच्या आसपास आला असेल तर घरीच बदला. वाटेत तुमच्याच मापाचे पॅड मिळतील ही आशा धरू नका.

सायकल नवी असेल तर निघण्याआधी चाकांचा आउट, म्हणजे फिरतानाची डगमग, काढून घ्या आणि स्पोकचा ताण तपासायला सांगा. मागच्या चाकाचे स्पोक वजनामुळे तुटतात, आणि ते बहुधा आधीपासून सैल असलेले असतात.

३. यादी लिहा आणि काट्यावर ठेवा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा आणि प्रत्येक वस्तूचं वजन ग्रॅममध्ये लिहा. अंदाजानं लिहू नका. लॉजवर मुक्काम असेल तर बॅगांसकट, पण पाणी आणि खाणं सोडून, एकूण वजन ६ ते ७ किलोंच्या आत बसलं पाहिजे. तंबूसह ९ ते १० किलो.

कपड्यांचं गणित साधं आहे: सायकल चालवायचे दोन जोड, संध्याकाळचा एक जोड, बस.

- पॅडवाल्या शॉर्ट २. आत दुसरी चड्डी घालायची नाही. तिच्या शिवणी घासतात.
- लांब बाह्यांचे, लवकर वाळणारे टी-शर्ट २. सड्यावर सावली नाही, आणि उघड्या हातांवर सनस्क्रीन घामाबरोबर वाहून जातं.
- संध्याकाळसाठी पातळ पँट किंवा लुंगी १, टी-शर्ट १, आतले कपडे २.
- मोजे २ जोड, टोपी किंवा हेल्मेटखाली बांधायचा रुमाल.
- पातळ रेनकोट. नोव्हेंबरात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला तर दोन दिवस पाऊस लागू शकतो. पहाटेच्या उतारावर वारा अडवायलाही तो लागतो.
- पंचा. टॉवेल घरी ठेवा. पंचा अंग पुसतो, मानेवर ऊन अडवतो, धुतलेले कपडे पिळायला लागतो आणि तासाभरात वाळतो.
- रबरी चप्पल. फेरीबोटीच्या रॅम्पवर, न्हाणीघरात, पुळणीवर, सगळीकडे लागते.

दमट हवेत कपडे रात्रभरात वाळत नाहीत, ही कोकणातली नेहमीची अडचण आहे. धुतलेला कपडा पंचावर पसरा, गुंडाळी करा, त्यावर उभं राहून दाबा आणि मग पंख्याखाली टाका. सकाळी तो घालण्याजोगा होतो. जाड सुती टी-शर्ट आणि जीन्स यांना हा उपाय लागू पडत नाही, म्हणून ते नकोत.

औषधांची पिशवी शक्य तितकी हलकी ठेवा: पोव्हिडोन आयोडीनचं मलम, गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज एक, ओआरएसची पाकिटं सहा, तुमची नेहमीची औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा दोन दिवस जास्त, डासांचं मलम, आणि मांड्या घासू नयेत म्हणून व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल. व्हॅसलीन सकाळी निघतानाच लावा. कातडी सोलवटल्यावर लावून फारसा उपयोग होत नाही.

४. दुरुस्तीचा संच: इथे काटकसर करू नका

वाटेतल्या गावांत सायकलची दुकानं आहेत, पण तिथे मिळणारं सामान काळ्या उभ्या सायकलींचं आणि शाळकरी मुलांच्या सायकलींचं असतं. २६ इंची ट्यूब मिळेल, व्हॉल ट्यूब मिळेल, छर्रे मिळतील, आउट काढून मिळेल. ७०० सीची ट्यूब, प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह, ११ स्पीडची चेन यांतलं काही मिळेल असं धरून चालू नका. जे तिथे मिळत नाही तेच तुम्ही नेलं पाहिजे.

- ट्यूब २, तुमच्याच मापाच्या. टायर ट्यूबलेस असले तरीही.
- पंक्चरचे ठिगळ ८, सोल्यूशनची नवी नळी, पॉलिश पेपर. एकदा उघडलेली सोल्यूशनची नळी काही आठवड्यांत सुकते. दर प्रवासाला नवी घ्या.
- टायर लिव्हर ३, हातपंप १.
- प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर. हे बोटाच्या पेराएवढं टोपण असेल तर पेट्रोल पंपावर किंवा मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.
- चेन तोडायची आणि स्पोक सैल-घट्ट करायची सोय असलेला मल्टी-टूल. ॲलन कीमध्ये ४, ५, ६ मिमी आहेत का आणि तुमच्या सायकलला लागणारी टॉर्क्सची (चांदणीच्या आकाराची) टोकं आहेत का ते बघा.
- क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची सुटी कडी, २. चेन ९ स्पीडची असेल तर ९ ची, ११ ची असेल तर ११ ची. दुसऱ्या मापाची लिंक नीट बसत नाही.
- डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा छोटा तुकडा, १. हा प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून तो महिनाभर आधी मागवा. उभी सायकल उजवीकडे पडली, जीपच्या टपावर दाबली गेली किंवा रेल्वेत आपटली की हाच वाकतो, आणि तो नसेल तर प्रवास तिथेच संपतो.
- गियर केबल १, ब्रेक केबल १, डिस्क असेल तर पॅडची जोडी १.
- मागच्या चाकाचे मापाचे स्पोक २, चेनस्टेला (पेडलच्या धुऱ्यापासून मागच्या चाकापर्यंतच्या नळीला) टेपनं चिकटवून.
- झिप टाय ८, डक्ट टेप मीटरभर, हातपंपाभोवती गुंडाळून.
- ५ मिमीचे बोल्ट ४. कॅरियरचे आणि बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट गळतात.
- जुन्या टायरचा आगपेटीएवढा तुकडा. टायर चिरला तर आतून लावायला.
- चेनचं तेल ३० मिलि, जुन्या बनियनचा तुकडा, पातळ हातमोजे.

स्पोक तुटला आणि बदलायला हत्यार नसेल तर तो शेजारच्या स्पोकभोवती गुंडाळून टाका. रिम ब्रेक असेल आणि चाक घासत असेल तर आजूबाजूचे स्पोक पाव-पाव फेरा सैल-घट्ट करून घासणं थांबवा. डिस्क ब्रेकला चाकाचा थोडा आउट चालतो. असं करून पुढचं मोठं गाव गाठता येतं.

५. आता बॅगा

यादीचं वजन कळलं, वस्तूंचा ढीग जमिनीवर दिसला, की किती लिटर लागतील ते आपोआप समजतं. लॉजवर मुक्काम करणाऱ्याला २० ते २५ लिटर पुरतात. त्यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला, बाइकपॅकिंगच्या बॅगा: सीटखाली सॅडल बॅग १० ते १४ लिटर, हँडलबारवर ८ ते १० लिटर, फ्रेमच्या त्रिकोणात ३ ते ५ लिटर आणि वरच्या नळीवर एक छोटी. कॅरियर लागत नाही, सायकल अरुंद राहते, खराब रस्त्यावर खडखड होत नाही.

दुसरा, कॅरियर आणि दोन छोटे पॅनियर, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या बॅगा, प्रत्येकी १० ते १२ लिटर. हा मार्ग जुना वाटतो म्हणून बरेच लोक टाळतात. पण कोकणचा रस्ता मुख्यतः डांबरी आहे, आणि डांबरी रस्त्यावर पॅनियर अजिबात वाईट नाहीत. सामान काढणं-घालणं सोपं आणि वजन खाली राहतं. शिवाय स्वस्त पडतं.

निवड करताना टेप घेऊन एक माप घ्या: सीटच्या रुळांपासून मागच्या टायरपर्यंतचं उभं अंतर. ते २० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मोठी सॅडल बॅग तुमच्यासाठी नाही. भरल्यावर ती खाली झुकते आणि खड्ड्यात टायरवर घासते. एका दिवसात तिला भोक पडतं. साडेपाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या बऱ्याच जणांच्या, आणि म्हणून बऱ्याच स्त्रियांच्या, सायकलवर हे अंतर कमीच असतं. त्यांनी निःशंकपणे कॅरियर आणि पॅनियर घ्यावेत. त्यासाठी फ्रेमला मागच्या बाजूला बोल्टची भोकं आहेत का बघा. पॅनियर लावल्यावर पेडल मारताना टाच बॅगेला लागते का हेही दुकानातच बसून बघा.

हँडलबारच्या बॅगेची अडचण वेगळी. ती गियर आणि ब्रेकच्या केबल दाबते. केबल दुमडली की गियर नीट पडत नाहीत, आणि माणूस डिरेलर जुळवत बसतो. बॅग आणि बार यांच्यामध्ये फोमचे ठोकळे ठेवून दोन-तीन सेंटिमीटर जागा करा. पुढे सस्पेन्शन असेल तर ते पूर्ण दाबून बॅग टायरला लागत नाही ना ते तपासा. या बॅगेत २, फार तर ३ किलो. जास्त भरलं की उतारावर हँडल जड होतं. हेडलाइट बॅगेमागे झाकला जातो, त्यामुळे त्याची जागा आधीच ठरवा: बॅगेच्या पुढच्या पट्ट्यावर किंवा फोर्कवर.

फ्रेम बॅग बाटल्यांची जागा खाते. अर्धी, म्हणजे वरच्या नळीखालची, घेतली तर खाली लहान बाटल्या बसतात. गुडघे घासू नयेत म्हणून ती ६ सेंटिमीटरपेक्षा जाड नको.

पाठीवर सॅक नको. दमट हवेत पाठ ओली राहते आणि सॅकचं वजन सीटवर बसणाऱ्या हाडांवर येतं. तिसऱ्या दिवशी बसवत नाही.

आणि आकडे असलेली बंजी दोरी सायकलवर वापरूच नका. आकडा सुटून स्पोकमध्ये गेला तर चाक जागेवर अडकतं. बकलचे पट्टे किंवा रबरी पट्टे घ्या, आणि त्यांची लोंबती टोकं आत खोचून टेपनं बंद करा; ती कॅसेटमध्ये ओढली जातात.

६. कोणती वस्तू कुठे

नियम दोन. जड वस्तू खाली आणि मध्यभागी, म्हणजे पेडलच्या धुऱ्याच्या जवळ. दिवसा लागणारी वस्तू बॅग न सोडता हाताला येईल अशी.

फ्रेम बॅगेत दुरुस्तीचा संच, हातपंप, पॉवर बँक. या सगळ्यात जड वस्तू. खडखडणारी प्रत्येक वस्तू बनियनच्या तुकड्यात गुंडाळा.

सॅडल बॅग भरताना आधी तिच्या टोकाचा विचार करा, म्हणजे सीटपोस्टपाशी असलेल्या निमुळत्या भागाचा. तिथे घट्ट, जड वस्तू ठासून भरा: कपड्यांची दाबलेली गुंडाळी, साबणाची डबी. मागच्या टोकाला हलका रेनकोट. निमुळत्या भागाची जागा मोकळी राहिली आणि मागे वजन आलं तर उभं राहून पेडल मारताना बॅग शेपटीसारखी डावीकडे-उजवीकडे डोलते. पट्टे कितीही आवळले तरी हे थांबत नाही, कारण दोष भरण्यात असतो. कपडे घडी न घालता गुंडाळा, बॅगेचं तोंड बंद करण्याआधी गुडघ्यानं दाबून हवा काढा, मग तोंड किमान तीनदा गुंडाळा.

हँडलबारच्या बॅगेत हलकं पण मोठं: चादर, संध्याकाळचे कपडे. तंबू असेल तर त्याचं कापड इथे. तंबूच्या काठ्या वेगळ्या काढून वरच्या नळीला बांधा. त्या बारपेक्षा लांब असल्या तर ब्रेकच्या आड येतात.

वरच्या नळीवरच्या छोट्या बॅगेत खाणं, सनस्क्रीन, सुटे पैसे. पॅनियर वापरत असाल तर दोन्ही बाजूंचं वजन २०० ग्रॅमच्या फरकात ठेवा, नाहीतर सायकल एका बाजूला ओढते.

जलरोधक म्हणून विकलेल्या बॅगेतसुद्धा शिवणीतून पाणी झिरपतं. कपड्यांना, चादरीला आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना वेगवेगळ्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या द्या, जमल्यास वेगवेगळ्या रंगांच्या. रात्री अंधारात शोधाशोध वाचते. जिथे पट्टे फ्रेमला घासतात तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे कापून लावा. लाल धूळ पट्ट्याखाली अडकली की पॉलिश पेपरसारखी रंग घासून काढते. कार्बनच्या फ्रेमवर याकडे जास्त लक्ष द्या.

७. पाणी, खाणं

दोन बाटल्या ७५० मिलिच्या आणि एक लिटरची राखीव, असं अडीच लिटर पाणी सड्यावर चढण्याआधी भरलेलं हवं. खाडीकाठच्या गावात टपरी असते. वर सड्यावर बारा-पंधरा किलोमीटर काहीच नसू शकतं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं; अर्ध्या बाटलीत घातलं तर ते जास्त खारट होतं आणि पोट बिघडतं.

खानावळीत आणि घरगुती निवासात जेवण सांगितल्याशिवाय तयार नसतं. सकाळी निघतानाच रात्रीच्या मुक्कामाला फोन करून जेवण सांगा. दुपारचं जेवण दोनच्या आत उरका, नंतर चूल थंड झालेली असते. जवळ दोन वेळांचं भागेल इतकं ठेवा: राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. चॉकलेट वितळतं. केळी घेतली तर तासाभरात खा, बॅगेत ठेवू नका.

स्टोव्ह नको. गॅसचे डबे रेल्वेत नेता येत नाहीत, आणि या वाटेवर त्याची गरजही पडत नाही.

८. कागदपत्रं, पैसे, वीज

एका झिपच्या पिशवीत: आधार कार्ड मूळ, त्याच्या ३ झेरॉक्स (लॉजला आणि रेल्वेला लागतात), आरोग्य विम्याचं कार्ड, सायकलच्या बिलाची प्रत, रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहिलेला कागद. फ्रेमचा नंबर सायकल उलटी केल्यावर पेडलच्या धुऱ्याखाली सापडतो; त्याचा फोटो काढून घरी पाठवून ठेवा.

रोख पैसे लागतातच, तेही १०, २० आणि ५० च्या नोटांत. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड या खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या, आणि शेवटी तेरेखोल ते केरी. नेटवर्क नसेल तर फोनवरून पैसे जात नाहीत. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी गावात विचारा. शेवटची फेरी चुकली तर खाडीला वळसा घालायला पूर्ण दिवस जाऊ शकतो.

१०,००० एमएएचची एक पॉवर बँक पुरे. नकाशा आधीच फोनवर उतरवून घ्या. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. गर्द झाडीखालच्या सावलीत वळणावर गाडीवाल्याला सायकल उशिरा दिसते. परावर्तक जॅकेट किंवा पट्टा घाला. सॅडल बॅगेनं सीटपोस्टवरचा दिवा झाकला जातो, म्हणून तो बॅगेच्या मागच्या पट्टीवर लावा.

९. सामान भरून एक पूर्ण दिवस चालवून बघा

निघण्याच्या दोन आठवडे आधी सगळं भरून, पाण्यासकट, ४० ते ५० किलोमीटर चालवा. पुण्याहून असाल तर सिंहगडाच्या पायथ्याशीच थांबू नका, थोडा घाटही चढा. मुंबईहून असाल तर येऊरचा चढ पुरे. या फेरीत हे बघा: उतारावर ताशी ३० च्या पुढे हँडल थरथरतं का, उभं राहून चढताना मागची बॅग डोलते का, गुडघे घासतात का, सगळे गियर पडतात का, कोणता बोल्ट सैल झाला. हँडल थरथरलं तर पुढचं वजन कमी करा आणि पट्टे आवळा.

घरी आल्यावर बॅगा रिकाम्या करा आणि यादी पुन्हा वाचा. ‘असू दे, लागलं तर’ म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू बाजूला काढा. याला अपवाद फक्त दुरुस्तीचा संच, औषधं आणि रेनकोट. मग कोणती वस्तू कुठे ठेवली याचा फोटो काढून ठेवा आणि रोज तसंच भरा.

१०. रोज संध्याकाळी दहा मिनिटं सायकलला

खारी हवा आणि जांभ्याची धूळ चेनचा काळ आहे. मुक्कामावर पोचलं की आधी कोरड्या फडक्यानं चेन पुसा, मग प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, पाच मिनिटांनी वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. बाहेर तेल राहिलं की त्यावर धूळ बसून काळा चिखल होतो. तेल रात्री लावा, सकाळी नाही. त्याला आत उतरायला वेळ मिळतो. तेल लावताना डिस्कवर थेंब जाऊ देऊ नका, ब्रेक लागत नाहीत.

पुळणीवर सायकल चालवण्याचा मोह टाळा. ओली वाळू आणि खारं पाणी चक्र्यांच्या आणि बेअरिंगच्या आत जातं. फेरीबोटीच्या रॅम्पवरही शेवाळ आणि खारं पाणी असतं. उतरून, चप्पल घालून, सायकल ढकलत न्या. खारं पाणी लागलंच तर त्याच दिवशी बादलीभर गोड्या पाण्यानं धुवा, जोराचा पाइप हबवर मारू नका, वाळवा आणि तेल द्या. बॅगांच्या झिपही ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर त्या खारानं घट्ट होतात.

मग बोल्ट: कॅरियर, पिंजरे, स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग), सीटपोस्ट. हातानं हलवून बघितलं तरी पुरतं.

११. जाणं आणि परत येणं

मुंबईहून जाताना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सायकल घेते. बॅगा लावलेल्याच राहू द्या, फक्त पट्टे आवळा.

परतताना रेल्वे. तुम्ही ज्या गाडीनं जाणार त्याच गाडीत सायकल ‘लगेज’ म्हणून नोंदवा. ‘पार्सल’ म्हणून दिली तर ती दुसऱ्या गाडीनं, नंतरही येऊ शकते. स्टेशन निवडताना अंतरापेक्षा गाडी किती वेळ थांबते ते बघा. लहान स्टेशनवर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते आणि ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, सायकल चढवायला वेळच मिळत नाही. म्हणून केरीहून जवळचं स्टेशन सोडून मडगावला जाणं बहुधा सोयीचं पडतं.

गाडीच्या दोन तास आधी पार्सल ऑफिसला पोचा. तिकीट आणि आधारची झेरॉक्स तयार ठेवा. सगळ्या बॅगा काढून स्वतःबरोबर डब्यात घ्या. पेडल काढा, डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवल्यावर सैल होतं. यासाठी १५ चा पान्हा किंवा मोठी ॲलन की लागेल, तुमच्या पेडलला काय लागतं ते घरीच बघून ठेवा. मागच्या डिरेलरवर पुठ्ठा बांधा, गियर सर्वांत मोठ्या चक्रीवर ठेवा म्हणजे डिरेलर आत सरकतो. दोन पुठ्ठ्यांवर नाव, फोन, पीएनआर आणि कुठून-कुठे ते जाड पेननं लिहा आणि एक फ्रेमला, एक हँडलला बांधा. एक फाटला तरी दुसरा राहतो. पावती जपून ठेवा, उतरल्यावर तीच दाखवून सायकल मिळते. गाडी लागली की ब्रेक व्हॅनपाशी उभं राहून सायकल प्रत्यक्ष आत चढली हे बघा आणि मगच आपल्या डब्याकडे जा.